साडेतीन सम की विषम? अपूर्णांकांना सम-विषम लावून पाहण्याची पायरीपायरीने वाट

सम आणि विषम संख्या दुसरी-तिसरीत शिकवून झाल्या की तो विषय संपला, असं आपण धरून चालतो. मग अपूर्णांक येतात आणि एखादं चौकस पोर विचारतं, "मग साडेतीन सम की विषम?" साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठं जिथे घरोघरी बोलण्यात असतात, तिथे हा प्रश्न आज ना उद्या येणारच. मोठी माणसं सहसा दोनपैकी एक उत्तर देतात. "सात विषम, म्हणून साडेतीनही विषम," किंवा "असलं काही नसतं, गुपचूप गणितं सोडव." पहिलं उत्तर चूक आहे. दुसरं बरोबर आहे, पण त्यातला ‘का’ गाळलेला आहे, आणि पोराला हवा असतो तो नेमका ‘का’च.

मी सहावी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. हा प्रश्न फिरून फिरून येतो, म्हणून तो ज्या क्रमाने उलगडला तर कमी गोंधळ होतो, तो क्रम इथे लिहिते आहे. घरी मुलांना शिकवणारे पालक, नव्याने शिकवायला लागलेले शिक्षक आणि स्वतःच डोकं खाजवणारी मुलं, अशा सगळ्यांसाठी.

घाईत असाल तर एवढंच घ्या: पाठ्यपुस्तकातली सम-विषम ही विभागणी पूर्णांक संख्यांपुरती आहे, त्यामुळे साडेतीन सम नाही आणि विषमही नाही. पण छेद विषम असलेल्या अपूर्णांकांना ही नावं देता येतात आणि ती नीट चालतात. काटछाट करूनही छेद सम राहिला की मात्र कितीही ओढाताण केली तरी जमत नाही. हे का, ते पुढे.

काय काय लागेल

वही, पेन्सिल, आणि लहान मूल असेल तर मूठभर चिंचोके. कॅल्क्युलेटर दूर ठेवा. तो अपूर्णांकाचं दशांश रूप करून टाकतो आणि छेद डोळ्यांआड होतो. मुलाला तीन गोष्टी आधी येत असाव्यात: सममूल्य अपूर्णांक, अतिसंक्षिप्त रूप, आणि भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज. यांतलं अतिसंक्षिप्त रूप कच्चं असेल तर आधी ते पक्कं करून घ्या. या लेखातले निम्मे सापळे त्याच एका ठिकाणी आहेत.

१. व्याख्या आणि कसोटी वेगळ्या करा

मुलाला विचारा, सम संख्या म्हणजे काय. बहुतेक जण म्हणतील, "जिच्या एककस्थानी ०, २, ४, ६ किंवा ८ असतं ती." ही कसोटी झाली, व्याख्या नव्हे. १० ला २ ने भाग जातो, त्यामुळे दशक, शतक, हजार यांच्याकडे बघावंच लागत नाही, म्हणून ही कसोटी चालते. व्याख्या अशी आहे: जी पूर्णांक संख्या ‘२ गुणिले एखादी पूर्णांक संख्या’ अशी लिहिता येते ती सम. तसं लिहिताना १ उरत असेल तर ती विषम.

सम संख्येच्या व्याख्येत ‘पूर्णांक’ हा शब्द दोनदा आला आहे. दोन्हींखाली रेघ मारून ठेवा. पुढचं सगळं भांडण दुसऱ्या ‘पूर्णांक’वरून आहे.

इथेच शून्य आणि ऋण संख्या उरकून घ्या. ० = २ × ०, म्हणून शून्य सम. −७ = २ × (−४) + १, म्हणून −७ विषम. शून्याबद्दल मुलं उगाच अडखळतात, आणि मोठी माणसंही. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये गाड्यांसाठी सम-विषम योजना राबवली, तेव्हा नंबरप्लेटचा शेवटचा अंक ० असलेल्या गाड्या सम तारखांच्या गटात होत्या. गणिताला धरूनच होतं ते. सम-विषम तारखांचं पार्किंग असलेल्या रस्त्यावर राहत असाल तर आणखी एक गंमत मुलांना दाखवा: ३१ तारखेनंतर १ येते, म्हणजे लागोपाठ दोन दिवस विषम. संख्यारेषेवर असं कधी होत नाही, दिनदर्शिकेत होतं.

२. तीच व्याख्या अपूर्णांकावर टाकून पाहा

आता त्या दोन्ही ‘पूर्णांक’ शब्दांवर काट मारा आणि तिथे ‘अपूर्णांक’ लिहा. काय होतं?

३/४ = २ × ३/८. म्हणजे सम.
७/२ = २ × ७/४. सम.
१/३ = २ × १/६. हाही सम.
आणि ३ = २ × ३/२. म्हणजे चक्क तीनसुद्धा सम!

अपूर्णांकांना मुभा दिली की २ ने भाग न जाणारी संख्याच उरत नाही. सगळेच सम ठरले की तो शब्द काहीच सांगत नाही. ‘अपूर्णांकांना सम-विषम लागू नाही’ असं पुस्तक म्हणतं, त्यामागचं पहिलं कारण हे.

ही विभागणी मुळात निम्मं करता येतं की नाही यासाठीच जन्मली. युक्लिडने सम संख्या म्हणजे दोन सारख्या भागांत विभागता येणारी, अशीच व्याख्या केली. पण त्याच्या लेखी एकक फुटत नसे. आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या रचना मोजण्याची जी रीत आहे, तीही तशीच चालते: संख्या सम असेल तर निम्मी करा, नसेल तर एक वजा करा. अर्ध्याला परवानगी असती तर ‘एक वजा करा’ ही पायरी कधी आलीच नसती.

जुन्या पिढीने निमकी पाठ केलेली असते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा. निमकीत एकाआड एक उत्तर पूर्ण येतं, आणि मधली सगळी अर्धा, दीड, अडीच, साडेतीन अशी. म्हणजे दीड, अडीच, साडेतीन ही विषम संख्यांची निम्मी आहेत. ती स्वतः विषम आहेत असं त्यातून निघत नाही.

३. अंश पाहून निकाल देऊ नका

मुलांना सुचणारी पहिली युक्ती: "अंश सम तर अपूर्णांक सम, अंश विषम तर विषम." लगेच ही ओळ लिहून द्या:

१/२ = २/४ = ३/६ = ४/८

एकच संख्या, पण अंश एकदा विषम, एकदा सम. लिहिण्याची पद्धत बदलली की संख्येचा गुण बदलत असेल, तर तो गुण संख्येचा नव्हेच. अंश-छेद दोन्ही सम असले की हा घोळ आणखी वाढतो: ६/२ म्हणजे ३, विषम, ८/२ म्हणजे ४, सम. म्हणून शिस्त एकच: आधी अतिसंक्षिप्त रूप, मग पुढचं बोलणं.

काही मुलं इथे हुशारी करतात: "मग अतिसंक्षिप्त रूपातला अंश बघू." विचार चांगला आहे, आणि अर्धा खराही आहे. कुठला अर्धा, ते पुढच्या पायरीत कळेल.

४. छेदाइतक्या वेळा बेरीज करा

संपूर्ण लेखातली महत्त्वाची पायरी ही आहे. इथे वेळ द्या, बाकीचं पळवलं तरी चालेल.

सम-विषम या नावांचा आपल्याला उपयोग काय? तर बेरजेचे नियम: सम अधिक सम म्हणजे सम, विषम अधिक विषम म्हणजेही सम, आणि सम अधिक विषम म्हणजे विषम. अपूर्णांकांना ही नावं द्यायची तर हे नियम मोडता कामा नयेत, आणि आधीपासून विषम असलेला ३ विषमच राहिला पाहिजे. एवढ्या दोन अटी घालू आणि मग अपूर्णांकालाच विचारू की बाबा, तू कोण.

साडेतीन घ्या. छेद २, म्हणून दोनदा मिळवा: ७/२ + ७/२ = ७. आता साडेतीन सम असेल तर सम अधिक सम, म्हणजे बेरीज सम हवी. विषम असेल तर विषम अधिक विषम, तरीही बेरीज सम हवी. पण ७ तर विषम! दोन्ही वाटा बंद. साडेतीनला कुठलंही नाव दिलं तरी नियम मोडतो.

आता १/३ घ्या. तीनदा मिळवा: १/३ + १/३ + १/३ = १. १/३ सम मानला तर तीन समांची बेरीज सम येईल, पण १ विषम आहे. म्हणून १/३ विषमच असायला हवा. विषम मानून पाहा: तीन विषमांची बेरीज विषम, जुळलं.

२/५ पाचदा मिळवला की २ येतात. २/५ विषम असता तर पाच विषमांची बेरीज विषम आली असती. २ सम आहे, म्हणून २/५ सम.

३/४ चारदा मिळवला की ३. चार सारख्या संख्यांची बेरीज नेहमी सम येणार, मग ती संख्या सम असो वा विषम. पण ३ विषम. म्हणून ३/४ ला नाव नाही.

चार-पाच उदाहरणं मुलाकडून करून घेतली की सूत्र तोच सांगतो. छेद विषम असेल तर विषम वेळा बेरीज होते, आणि विषम वेळा मिळवताना नाव टिकून राहतं. बेरीज म्हणजे अंश, म्हणून अपूर्णांकाचं नाव अंशासारखं. छेद सम असेल तर सम वेळा बेरीज होते आणि उत्तर सम यायला हवं. पण अतिसंक्षिप्त रूपात छेद सम असला तर अंश विषमच असतो (नाहीतर दोघांना २ ने भाग गेला असता). तिथेच फाटतं.

सापळा: हे ६/९ सारख्या, अतिसंक्षिप्त नसलेल्या रूपावरही चालतं, कारण छेद विषम असेल तर काटछाट फक्त विषम संख्येनेच होते आणि अंशाचं नाव बदलत नाही. पण २/६ वर चालत नाही. सहा वेळा मिळवून २ आले, सम. यातून काहीच कळत नाही. १/३ करा, मग कळतं की तो विषम आहे.

५. विषम छेद: गुणाकार-भागाकारही तपासा

बेरीज चालली म्हणून गुणाकार चालेलच असं नाही, म्हणून पडताळून पाहा. २/३ × ३/५ = २/५; सम गुणिले विषम, उत्तर सम. १/३ × ५/७ = ५/२१; विषम गुणिले विषम, उत्तर विषम. विषम छेदांचा गुणाकार विषमच राहतो, त्यामुळे या गटातून आपण कधी बाहेर पडत नाही.

भागाकारात तर उलट फायदाच होतो. पूर्णांकांमध्ये ‘विषम भागिले विषम’ला नियम नव्हता, कारण ७ ÷ ३ हा पूर्णांकच येत नाही. आता ७/३ हीदेखील विषम संख्या आहे. विषम भागिले विषम म्हणजे नेहमी विषम, सम भागिले विषम म्हणजे नेहमी सम. सम भागिले सम मात्र पूर्वीसारखंच बेभरवशाचं: ६/२ विषम, ८/२ सम, आणि २/४ नावाशिवाय.

"याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलंच तर हे कोडं द्या. अंश १ आणि छेद विषम, असे वेगवेगळे अपूर्णांक घेऊन बेरीज बरोबर १ आणायची. हे जमतं:

१/३ + १/५ + १/७ + १/९ + १/११ + १/१५ + १/३५ + १/४५ + १/२३१ = १

लसावि ३४६५ धरून मुलांना पडताळायला लावा. अंशांची बेरीज ३४६५ येते. आता विचारा, यात पदं किती? नऊ. आठ किंवा दहा पदांत जमेल का? बेरीज करत बसायची गरज नाही. यातला प्रत्येक अपूर्णांक विषम आहे, सम संख्येने विषम पदं घेतली की बेरीज सम येणार, आणि १ विषम आहे. आठ, दहा, शंभर पदांतही कधीच जमणार नाही. हे पाहून वर्गात जो आवाज होतो त्यासाठी मी हे कोडं राखून ठेवते.

६. सम छेद: तिसरा गट

अर्धा, पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन: रोजच्या बोलण्यातले जवळजवळ सगळे अपूर्णांक याच गटात आहेत. म्हणूनच सम-विषमचा प्रश्न आपल्याला इतका आडवा येतो. तिसरे, पाचवे, सातवे हिस्से रोजच्या बोलण्यात असते, तर कदाचित कुणी एवढं अडलं नसतं.

हा गट बेरजेत भरवशाचा नाही. १/२ + १/२ = १, विषम. १/२ + ३/२ = २, सम. १/२ + १/४ = ३/४, पुन्हा तिसराच. पण तो पूर्ण अराजकही नाही. छेदाला २ ने लागोपाठ किती वेळा भाग जातो ते मोजा. याला मी मुलांपुरतं ‘खोली’ म्हणते. १/२ ची खोली एक, ३/४ ची दोन, ५/२४ ची तीन. खोली वेगवेगळी असेल तर बेरजेची खोली जास्त खोलवाल्याची. सारखी असेल तरच काटछाट होऊन संख्या वर येते. १/२ + १/३ = ५/६ मध्येही हेच: १/३ ची खोली शून्य, म्हणून बेरीज १/२ च्याच खोलीवर राहते.

एवढ्यावरून एक सुंदर गोष्ट निघते. १ + १/२ + १/३ + १/४ + … अशी बेरीज कुठेही थांबवा (पहिल्या पदानंतर), उत्तर पूर्णांक कधीच येत नाही. दहा पदं घ्या: २, ४, ६, ८, १० या सम छेदांत सगळ्यात खोल १/८, खोली तीन, आणि त्याच्याइतका खोल दुसरा कुणीच नाही. तो रद्द होणार कसा? कितीही पदं घेतली तरी सगळ्यात खोल पद एकटंच असतं.

कुठल्याही संख्येत २ किती वेळा दडला आहे हे मोजण्याची ही कल्पना पुढे फार लांब जाते. कुर्ट हेन्झेल या जर्मन गणितज्ञाने १८९७ मध्ये मांडलेल्या पी-अ‍ॅडिक संख्यांच्या मुळाशी तीच आहे. नववीच्या मुलाला हे नाव सांगून घाबरवू नका. त्यातलं पहिलं पाऊल त्याने आत्ताच टाकलं, एवढं सांगायला हरकत नाही.

७. दशांश चिन्ह आलं की शेवटचा अंक विसरा

"२.४ चा शेवटचा अंक ४, म्हणून सम." "०.३ विषम." हे सर्रास ऐकू येतं. पायरी १ मधली कसोटी एककस्थानाची होती, शेवटच्या अंकाची नव्हे. शिवाय ०.३ आणि ०.३० एकच आहेत, मग शेवटचा अंक कोणता घ्यायचा?

दशांश अपूर्णांकाचा साधा अपूर्णांक करा, मग पायरी ४ लावा:

०.६ = ३/५, म्हणजे विषम, शेवटी ६ असूनही.
२.४ = १२/५, सम.
०.३ = ३/१०, तिसरा गट.
२.५ = ५/२, तिसरा गट.
०.३६ = ९/२५, विषम.

०.३३३… म्हणजे १/३, विषम; ०.६६६… म्हणजे २/३, सम. दशांश चिन्हानंतर लगेच आवर्तन सुरू होत असेल तर संख्या नेहमी सम किंवा विषम निघते, तिसऱ्या गटात जात नाही, कारण तिचा छेद ९, ९९, ९९९ असा विषम असतो.

एकक बदलण्याचाही सापळा आहे. अडीच रुपये म्हणजे २५० पैसे. २५० सम, २.५ तिसऱ्या गटात. तीन मीटर आणि ३०० सेंटिमीटर, तेच. सम-विषम हा संख्येचा गुण आहे, रकमेचा किंवा लांबीचा नव्हे. आणि घर नंबर किंवा सातबाऱ्यावरचा गट नंबर ४५/२ असा असेल तर तो अपूर्णांकच नाही, त्याला यात ओढू नका.

८. नववी-दहावीसाठी: २ चं वर्गमूळ

√२ अपरिमेय आहे, म्हणजे अपूर्णांक म्हणून लिहिता येत नाही, याची पुस्तकातली सिद्धता सम-विषमवरच उभी आहे. तीन गट माहीत असतील तर ती अशी मांडता येते. समजा एखाद्या अपूर्णांकाचा वर्ग २ आहे. तो अपूर्णांक विषम असेल तर वर्ग विषम, पण २ सम आहे. तिसऱ्या गटातला असेल तर वर्गही तिसऱ्या गटातच. म्हणून तो सम असला पाहिजे, म्हणजे २ × क, जिथे क चा छेद विषम आहे. मग ४क² = २, म्हणून २क² = १. डावी बाजू सम, उजवी विषम. संपलं, असा अपूर्णांकच नाही.

अपूर्णांक घातांकांतही हेच तीन गट भेटतात. −८ चा घातांक १/३ घेतला तर −२ येतात, चिन्ह टिकतं. घातांक २/३ घेतला तर ४, चिन्ह जातं. १/२ घेतला तर वास्तव उत्तरच नाही. विषम, सम, आणि तिसरा. फक्त घातांक आधी अतिसंक्षिप्त करा: −८ चा वर्ग करून सहावं मूळ काढलं तर २ येतात, आणि २/६ तर १/३ च आहे ना, मग चिन्ह कुठे गेलं म्हणून मुलं तासभर शोधत बसतात.

९. संगणकावर विश्वास ठेवताना

एक्सेलमध्ये ‘इझइव्हन’ आणि ‘इझऑड’ ही फंक्शन दशांश भाग गुपचूप कापून टाकतात. २.५ दिलं की ते २ तपासतं आणि ‘सम’ म्हणतं, ३.५ दिलं तर ‘विषम’. म्हणजे एक्सेलच्या मते साडेतीन विषम! मुलाने हे दाखवून वाद घातला तर चिडू नका. ते साडेतीनबद्दल बोलतच नाही, तीनबद्दल बोलतं.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहा. ‘२ ने भागून बाकी ० नसेल तर विषम’ असं लिहिलंत तर २.५ ला विषम म्हटलं जाईल, कारण बाकी ०.५ येते, आधी संख्या पूर्णांक आहे का ते तपासा. आणि ‘बाकी १ असेल तर विषम’ हेही धोक्याचं: −७ ला २ ने भागल्यावर पायथन १ बाकी देतं, पण सी आणि जावा −१ देतात. ‘बाकी ० नाही’ असं तपासलं, तर पूर्णांकांसाठी तिन्हीकडे चालतं.

१०. परीक्षेत काय लिहायचं

वरचं सगळं समजण्यासाठी आहे. उत्तरपत्रिकेत मात्र पुस्तकाचीच व्याख्या चालते: ‘७/२ ही पूर्णांक संख्या नाही, म्हणून ती सम नाही आणि विषमही नाही.’ तिथे १/३ ला विषम लिहिलंत तर गुण जातील, आणि वाद घालायला कुणी समोर नसेल.

चूक की बरोबर या प्रश्नात ‘जी संख्या सम नाही ती विषम असते’ असं वाक्य आलं तर संच पाहा. पूर्णांक संख्यांसाठी बरोबर, परिमेय संख्यांसाठी चूक. ६/२ किंवा −९/३ आलं तर आधी भाग देऊन पाहा. ते वेषांतर केलेले पूर्णांक आहेत.

क्रमागत संख्यांच्या शाब्दिक उदाहरणांत अपूर्णांक उत्तर आलं तर ते लिहून मोकळे होऊ नका. तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ५० असेल तर? ३क्ष + ६ = ५०, क्ष = ४४/३. उत्तर ‘४४/३’ नव्हे, तर ‘अशा संख्या नाहीत’. तीन विषमांची बेरीज ५० होऊच शकत नाही, हे पहिल्या ओळीतच दिसायला हवं होतं.

सरावासाठी

पायरी ४ वापरून गट ओळखा: १०/१४, ०.७५, १.६, −९/३, ०.१२१२१२…, २२/७.

उत्तरं क्रमाने: ५/७ होतो म्हणून विषम (१४ बघून फसला असाल तर पायरी ३ पुन्हा वाचा); ३/४ म्हणजे तिसरा गट; ८/५ म्हणजे सम; −३, पुस्तकातही विषमच; ४/३३ म्हणजे सम; आणि २२/७ सम. शेवटचं उत्तर ऐकून "म्हणजे पाय सम?" असं विचारणारं एक तरी मूल असतंच. २२/७ ही पायची फक्त जवळची किंमत. पाय अपरिमेय आहे, त्याला छेदच नाही, त्यामुळे आपल्या तीन गटांपैकी एकही त्याला लागू होत नाही.